यमूच्या कहाणीत न लिहिलेला भाग

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी वाचून डोळे पुसले नाहीत असा वाचक मला अजून भेटलेला नाही. यमूचे माहेर, आईचे जाणे, सावत्र आईचे येणे, सासरचा जाच, मुंबईत नवऱ्याच्या सहवासात मिळालेला थोडासा मोकळा काळ, त्याचा अकाली मृत्यू आणि त्यानंतर तिच्या मर्जीविरुद्ध झालेले केशवपन, ही सारी कथा मराठी साहित्याच्या इतिहासात आता इतकी पक्की बसली आहे की तिच्याकडे अभिजात कलाकृती म्हणून आदराने पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. परीक्षेत तिच्यातील वास्तववादावर प्रश्न येतो आणि तत्कालीन मध्यमवर्गीय कुटुंबजीवनाचे हृद्य चित्रण, असे काहीतरी लिहिले की गुण मिळतात. मला मात्र अलीकडे ही कादंबरी एकटी वाचता येत नाही. त्या काळातल्या खटल्यांची हकिकत, विधवांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी आणि सुधारकांची चरित्रे शेजारी ठेवून मी ती वाचते, आणि दर वाचनात एक गोष्ट अधिक ठळक होत जाते. आपट्यांनी काळोख रंगवून सांगितला, असा आरोप त्यांच्यावर सनातनी मंडळींनी करावा हे समजण्यासारखे आहे, पण खरे पाहता त्यांनी त्या काळोखातला घरात मोठ्याने वाचता येईल एवढाच भाग निवडला. उरलेला भाग पुण्या-मुंबईत त्यांच्या अवतीभवती घडत होता.

ही कादंबरी ‘करमणूक’ या त्यांच्या साप्ताहिकात क्रमशः आली. ‘करमणूक’ सुरू झाले १८९० मध्ये, तेव्हा आपटे सव्वीस वर्षांचे होते. त्यांचा जन्म १८६४ साली खानदेशात पारोळ्याला झाला, बालपणातली काही वर्षे मुंबईत काकांकडे गेली आणि पुढे ते पुण्याला आले. हे काका महादेव चिमणाजी आपटे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत आणि पुण्याचा आनंदाश्रम त्यांनीच स्थापन केला. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये हरिभाऊंना चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्यासारखे शिक्षक लाभले, आणि चिपळूणकर गेले तेव्हा या विद्यार्थ्याने त्यांच्यावर शोककाव्य लिहिले. म्हणजे ज्या शाळेच्या शिक्षकांत पुढे संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाला कायद्याने ठरवलेल्या किमान वयाच्या, आणि केशवपनाच्या प्रश्नांवरून उभी फूट पडली, त्याच शाळेत यमूचा लेखक घडला. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कादंबरीत घरातल्या माणसांची जी भांडणे आहेत ती त्याने वर्तमानपत्रांच्या रकान्यांत आणि गुरूंच्या तोंडून आधी ऐकलेली होती.

केशवपन या विधीबद्दल आपण आज एका शब्दात बोलून मोकळे होतो. त्यामागचा शास्त्राधार काशीखंडातल्या एका वचनात होता: ‘विधवाकबरीबन्धो भर्तृबन्धाय जायते’. विधवेने बांधलेली वेणी परलोकात नवऱ्याला बंधन होते, म्हणून तिचे डोके नेहमी भादरलेले असावे, असा त्याचा आशय. ‘नेहमी’ हे लक्षात घेण्यासारखे आहे. केशवपन म्हणजे नवरा गेल्यावर एकदा होणारा आणि संपणारा विधी, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात केस वाढतात, त्यामुळे तो विधी आयुष्यभर पुनःपुन्हा होत असे. तेराव्या वर्षी विधवा झालेली आणि सत्तरीत वारलेली बाई किती वेळा वस्तऱ्याखाली बसली असेल, याचा हिशेब कुणीही मनात करून पाहावा.

माझ्या आजीची थोरली काकू अशी होती. राजापुराकडच्या एका खेड्यात, एकत्र कुटुंबात तिचे आयुष्य गेले. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. न्हावी यायचा तो पुढच्या अंगणातून नव्हे, गोठ्याच्या बाजूने मागच्या पडवीत. मुलांना बाहेर पिटाळले जाई, पण आजीने कुडाच्या फटीतून पाहिले होते. काकू भिंतीकडे तोंड करून खाली बसे, न्हावी वाटीतले पाणी डोक्याला लावी आणि चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासल्याचा आवाज येई. त्या वेळी काकू काही बोलत नसे आणि न्हावीही बोलत नसे. नंतर ती विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेई, ओलेत्याने घरात येई आणि सोवळ्यात सगळ्या घराचा स्वयंपाक करी. जिचे तोंड लग्नकार्यात समोर येऊ नये अशी सक्त ताकीद होती, तिच्याच हातचा नैवेद्य देवाला चालत असे, किंबहुना तिच्याच हातचा लागत असे. आजीच्या मनात राहिले ते मात्र वेगळे होते. पावसाळ्यात नदीला पाणी आले की न्हाव्याला पलीकडून येता येत नसे, आणि महिना-महिना काकूचे डोके तसेच राही. त्या दिवसांत आलवणाच्या, म्हणजे विधवेच्या तांबड्या लुगड्याच्या, पदराखाली काकूचा हात सारखा डोक्यावर जायचा, बोटभर वाढलेल्या केसांवरून ती तळहात फिरवत बसायची. ही गोष्ट आजीने मला सांगितली तेव्हा ती स्वतः ऐंशीच्या घरात होती, आणि काकूचे खरे नाव काय, हे तिला आठवत नव्हते. घरात सगळे तिला माईच म्हणत.

यमूच्या केशवपनाचा प्रसंग मी या पडवीतून वाचते. आपट्यांनी तो लिहिताना शास्त्रवचनांचा काथ्याकूट केलेला नाही. नवऱ्याच्या माघारी घरातली वडीलधारी माणसे एका तरुण विधवेच्या बाबतीत काय करू शकतात आणि तिच्या बाजूने उभे राहू पाहणारे कसे अपुरे पडतात, याकडे त्यांचे लक्ष आहे. शंकरमामंजी हे पात्र खलनायकाच्या साच्यातले आहे असे काही समीक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. तसा एखादा माणूस, धर्म तोंडी लावून घराची सूत्रे हातात ठेवणारा, त्या काळातल्या प्रत्येक आठवणींच्या पुस्तकात कुठे ना कुठे भेटतो. तो अतिशयोक्त वाटतो याचे कारण आपल्याला तो सोयीने विसरायचा असतो, कारण तो आपल्यापैकी अनेकांचा पणजोबा आहे.

या प्रसंगात एक माणूस असतो आणि तरी तो कुणाला दिसत नाही, तो म्हणजे न्हावी. त्याच्या हातात वस्तरा आहे, त्याच्याशिवाय विधी होऊच शकत नाही, पण कहाणी सांगताना त्याचा विचार कुणी करत नाही. हा विचार साहित्याबाहेर झाला, आणि तो मुंबईत झाला. १८९० सालीच, म्हणजे ‘करमणूक’ निघाले त्याच वर्षी, सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हावी समाजाची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर यापुढे वस्तरा चालवायचा नाही, असे तिथे ठरले. ‘दीनबंधु’चे संपादक असलेले लोखंडे गिरणी कामगारांचे पुढारी होते, आणि कामगारांना रविवारची सुटी मिळाली तीही त्याच वर्षी, त्यांच्याच खटपटीने. आपल्या पोटावर पाय येईल हे ठाऊक असूनही ज्या कारागिरांनी उच्चवर्णीयांच्या घरातल्या बायकांसाठी वस्तरा खाली ठेवला, त्यांना आपल्या कथा-कादंबऱ्यांत जागा मिळाली नाही, याची मला मनापासून खंत वाटते. ज्यांच्या घरातल्या लेकीसुनांची ही गोष्ट होती ते विद्वान त्या वेळी शास्त्रार्थ करीत होते, आणि तोडगा काढला वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी.

कादंबरीत जे मुळीच आले नाही ते याहून काळे आहे. तरुण, रूपवान, घरात कुणाचाही आधार नसलेल्या विधवेला घरातल्या किंवा शेजारच्या पुरुषापासून दिवस गेले तर काय होत असे? पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, यावरूनच उत्तर मिळते. अशी संस्था काढावी लागते तेव्हा अशा घटना तुरळक नसतात. विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ती सोय होती, आणि फुले दांपत्याने दत्तक घेतलेला यशवंत हा अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. जिला अशी दारे सापडत नसत तिच्यापुढे विहीर असे, किंवा नवजात मुलाचा गळा असे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे फाशी टळली आणि शिक्षा कमी झाली, पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून बायकांच्या चालीरीतींवर जे तोंडसुख घेतले गेले, त्याने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. बाईच्या माथी दोष मारणाऱ्या पुरुषांना त्यांनी त्या छोट्या पुस्तकात ज्या भाषेत जाब विचारला, तशी भाषा मराठी गद्यात त्यापूर्वी कुणी वापरली नव्हती. पुस्तकावर इतकी टीका झाली की फुल्यांना त्यांची बाजू घ्यावी लागली, आणि ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला मिळाले नाही.

आपट्यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. पुण्यात राहणाऱ्या आणि वर्तमानपत्रे वाचणाऱ्या माणसाला ते ठाऊक असणारच. पण ‘करमणूक’ हे घरातल्या लहानथोरांनी, बायकामुलांनी वाचावे म्हणून काढलेले साप्ताहिक होते. यमूच्या चारित्र्याला कुठे डाग लागू शकतो अशी शंकासुद्धा वाचकाच्या मनात येऊ देणे त्यांना परवडणारे नव्हते, कारण तसे झाले असते तर वाचकाने तिच्यासाठी रडणे थांबवून तिचा न्यायनिवाडा सुरू केला असता. म्हणून यमू निष्कलंक आहे, पतिव्रता आहे, तिचा नवरा रघुनाथराव प्रेमळ आणि सुधारक विचारांचा आहे. लेखकाने हे डोळसपणे केले असे मी मानते आणि त्याबद्दल त्याला दोष देत नाही. मात्र वाचक म्हणून आपल्याला हे माहीत असले पाहिजे की विजयालक्ष्मीसाठी कुणी डोळ्यांतून पाणी काढले नाही, आणि यमू व विजयालक्ष्मी यांच्यात एका दुर्दैवी रात्रीपलीकडे फारसे अंतर नव्हते.

दुसरी गोष्ट विवाहित मुलींच्या शरीराची. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी, तिच्याहून कितीतरी मोठ्या असलेल्या नवऱ्याने केलेल्या संभोगामुळे रक्तस्राव होऊन मेली. नवरा हरिमोहन मैती याच्यावर बलात्काराचा गुन्हा ठरू शकला नाही, कारण तेव्हाच्या दंडसंहितेनुसार बायको दहा वर्षांची झाली की कायद्याला त्यात काही सांगायचे नव्हते. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. या प्रकरणानंतर १८९१ च्या मार्च महिन्यात संमतिवयाचा कायदा झाला आणि ती वयोमर्यादा दहावरून बारा करण्यात आली. फक्त बारा! आणि एवढ्यासाठी पुण्यात सभा उधळल्या गेल्या, निषेधाचे ठराव झाले, वृत्तपत्रांचे रकाने भरले. मुंबईतले पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविरुद्ध जी मोहीम चालवली होती, तिच्यामागे परधर्मीयाचा आगाऊपणा आहे असे म्हटले गेले. टिळकांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारने धर्मात ढवळाढवळ करण्याला होता, हे खरे आहे आणि ते नोंदवलेच पाहिजे. तरीही त्या गदारोळात फुलमणीचे वय किती जणांच्या डोळ्यांपुढे होते, हा प्रश्न मला सोडत नाही. ‘करमणूक’चे पहिले अंक घरोघरी जात होते तेव्हा हा वाद ऐन भरात होता.

मुंबईत राहणाऱ्या माणसाला या सगळ्याचा सर्वांत जवळचा पुरावा उच्च न्यायालयाच्या इमारतीत मिळतो. ओव्हल मैदानाच्या कडेने मी अनेकदा जाते, आणि त्या दगडी इमारतीकडे पाहताना मला हटकून रखमाबाई आठवतात. त्यांचा जन्मही १८६४ सालचा, म्हणजे त्या आपट्यांच्याच वयाच्या. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असताना गेले, आई जयंतीबाई तरुणपणीच विधवा झाल्या आणि काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापक सदस्यांत सखाराम अर्जुन होते, ते वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि नावाजलेले डॉक्टर होते. इतक्या सुशिक्षित घरातसुद्धा रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. मुलगी माहेरीच राहिली, शिकत राहिली, आणि मोठी झाल्यावर तिने सासरी नांदायला जाण्यास नकार दिला. दादाजींनी १८८४ मध्ये दावा लावला.

दाव्यात मागणी होती ती बायको ताब्यात मिळण्याची. १८८५ च्या सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अजाण वयात लग्न झालेल्या, नवऱ्याबरोबर कधी एक दिवसही न राहिलेल्या सज्ञान स्त्रीला त्याच्या घरी पाठवण्याचा हुकूम देणे त्यांना रानटीपणाचे वाटले. या निकालाने गहजब झाला. दादाजींनी अपील केले, प्रकरण पुन्हा चालले, आणि १८८७ च्या मार्च महिन्यात न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. आपण तुरुंग पत्करू, असे रखमाबाईंनी सांगितले. बावीस वर्षांची, सावत्र वडिलांचे छत्र पहिल्या निकालाआधीच हरपलेली, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिणारी ही मुलगी पूर्ण शुद्धीवर राहून हे म्हणाली. तिचे बोलणे आज आपल्याला शौर्याचे वाटते. त्या वेळच्या अनेक मराठी वृत्तपत्रांना ते कुलबुडवेपणाचे वाटले, आणि मुलींना शिकवल्याचे हेच फळ, असा त्यातून निष्कर्ष निघाला. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजींना दोन हजार रुपये देण्यात आले आणि प्रकरण मिटले. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्यासारख्यांच्या पाठबळावर रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट इथे त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले. दादाजी १९०४ मध्ये वारले तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. ज्या लग्नाला त्यांनी भर न्यायालयात लग्न मानले नाही, त्याचे वैधव्य त्यांनी का पाळले असेल? याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लोकांच्या तोंडाला लागून काम अडू नये, रुग्ण बायकांच्या घरात सहज शिरता यावे, एवढाच व्यवहार त्यामागे असू शकेल. किंवा ज्या जगाशी त्या लढल्या, ते जग त्यांच्या आतही थोडे शिल्लक होते, असेही असेल. दोन्ही शक्यता मला सारख्याच दुःखद वाटतात.

यमूच्या मुंबईत हे न्यायालय नाही. कादंबरीतली मुंबई म्हणजे सासूसासऱ्यांच्या धाकापासून दूर, नवऱ्याबरोबर बसून वाचण्याची, समविचारी मित्रांच्या बायकांशी मैत्री करण्याची जागा. आमच्या गिरगावातल्या जुन्या घरांकडे पाहताना मला ते बिऱ्हाड तिथेच कुठेतरी असेल असे वाटते, आणि ते चित्र खोटे मुळीच नाही, कारण मुंबईने अनेक जोडप्यांना तेवढी मोकळीक खरोखर दिली. पण त्याच वर्षांत त्याच शहरात एका तरुणीला नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असे सांगितले जात होते, हे त्या बिऱ्हाडात बसलेल्या नवराबायकोच्या कानांवर आले नसेल हे शक्य नाही.

सुधारकांच्या घरांविषयी थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण कादंबरीतल्या रघुनाथरावांचे प्रेमळ चित्र डोळ्यांपुढे असताना या घरांकडे पाहणे अवघड जाते. विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते न्यायमूर्ती रानडे यांची पहिली पत्नी १८७३ मध्ये वारली, तेव्हा बत्तिशीतले रानडे विधवेशी लग्न करतील अशी लोकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्याच पुढे रमाबाई रानडे झाल्या. न्यायमूर्ती तेलंगांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलीचे लग्न लावून दिले. या माणसांच्या विद्वत्तेविषयी किंवा सचोटीविषयी मला शंका नाही. सभेत बोलणे आणि घरातल्या वडिलांना किंवा बायकांना ‘नाही’ म्हणणे यांत किती अंतर होते, ते या उदाहरणांवरून कळते, आणि यमूला वाचवू पाहणारी सज्जन माणसे कादंबरीत इतकी हतबल का आहेत याचाही त्यावरून उलगडा होतो.

यमूच्या नावाचाही एक योग मनात घर करून आहे. मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा मान मिळालेले बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे, आणि तेही विधवांच्या स्थितीवरच लिहिलेले. तिच्या नायिकेचे नाव यमुना. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेल्या, नवव्या वर्षी लग्न होऊन ‘आनंदी’ हे सासरचे नाव मिळालेल्या, परदेशात जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झालेल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेलेल्या आनंदीबाई जोशींचे माहेरचे नावही यमुना. त्यांचे चरित्र लिहिले काशीबाई कानिटकरांनी, आणि काशीबाई व आपटे यांची साहित्यिक मैत्री प्रसिद्ध आहे. आपट्यांनी नाव ठरवताना यांपैकी काही मनात धरले होते असे मी म्हणणार नाही. पण यमुना, यमू हे नाव तेव्हा घराघरात होते, आणि चौदा वर्षांच्या आनंदीबाईंचे मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेले, या एका घटनेत त्या काळच्या कितीतरी यमुनांची गोष्ट सामावलेली आहे.

शेवटी प्रश्न उरतो तो यमूला लेखकाने मरू का दिले हा. तिला मार्ग नव्हताच, असे मात्र म्हणता येत नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले होते. तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, लहानपणीच विधवा झालेली, सासरी वर्षानुवर्षे राबलेली आणि भावाने मुंबईला आणलेली. शारदा सदन पुढे पुण्याला गेले, म्हणजे आपट्यांच्या अगदी शेजारी. विधवेला कायद्याने पुनर्विवाहाची मुभा १८५६ पासून होती, फक्त तसे केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क जात असे, आणि त्याहून मोठी किंमत जातीच्या बहिष्काराने वसूल होत असे. आपट्यांना हे सगळे दिसत होते. तरीही त्यांनी यमूला शारदा सदनात पाठवले नाही. मी जितका विचार करते तितके मला ते बरोबर वाटते. यमू वाचली असती, शिकली असती, तर वाचकाने सुटकेचा निःश्वास टाकला असता आणि आपल्या घरातल्या मागच्या पडवीकडे पाहण्याचे त्याला कारण उरले नसते. एका गोदूबाईमागे हजारो माई होत्या. लेखकाने त्या हजारांपैकी एक निवडली.

कादंबरी पुस्तकरूपाने १८९३ मध्ये निघाली. त्याच वर्षी ११ मार्चला गोदूबाईंचा पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. बाया कर्वे या नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखतो. नवदांपत्य मुरूडला गेले तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. बायांनी उतारवयात ‘माझे पुराण’ सांगितले, आणि त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, जिचे केशवपन झाले होते आणि जिने पुढे धीर करून ते थांबवले व केस वाढवले, तिने ‘माझी कहाणी’ लिहिली. ज्यांनी आपट्यांची कादंबरी वाचली आहे त्यांनी ही दोन्ही पुस्तके मिळवून वाचावीत असा माझा आग्रह आहे, आणि तीही कादंबरीच्या आधी. यमूला आवाज एका सहृदय पुरुषाने दिला. या दोघी बहिणी स्वतः बोलल्या आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात कादंबरीत कुठेच न सापडणारी एक गोष्ट पानोपानी भेटते. ती म्हणजे राग.